ओ-३ लावूनही प्रोग्राम वेगवान का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात औषधी गोळ्यांच्या स्ट्रिप कॅमेऱ्याने तपासणारे यंत्र आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमध्ये लिहून लिनक्सवर जीसीसी-१२ या कंपायलरने कंपाइल केले जाते. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे देतो, म्हणजे एका चित्रासाठी ४० मिलिसेकंद मिळतात, आणि प्रोग्राम ही मर्यादा अधूनमधून ओलांडतो. कंपायलरने कोड वेगवान करण्यासाठी किती मेहनत घ्यावी हे ओ-० (काहीच नाही) ते ओ-३ या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्यांनी सांगता येते. प्रश्नकर्त्याने ओ-२ ऐवजी ओ-३ लावून पाहिले, पण फरक जाणवला नाही. आकडेमोडीचे नियम सैल करणारा ओ-फास्ट लावल्यावर वेग वाढला, पण काही चांगल्या स्ट्रिप बाद होऊ लागल्या. कार्यालयातल्या ज्येष्ठांचा तर ओ-० सोडून कशालाच हात लावायला विरोध आहे, कारण वरच्या पातळ्यांवर प्रोग्राम कधीकधी सुरू होतानाच अडकून पडतो. अशा स्थितीत कोणती पातळी निवडावी, असे विचारले आहे, आणि सोबत दोन फंक्शनचा कोड दिला आहे.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये याच प्रकारचे काम बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे निष्कर्ष आधीच सांगतो. संपूर्ण प्रोग्रामसाठी ओ-२ ठेवा, चित्रावर काम करणाऱ्या मोजक्या फाइलींनाच ओ-३ द्या आणि ओ-फास्ट वापरू नका. मात्र हे करण्याआधी कोडमध्ये तीन दुरुस्त्या कराव्या लागतील. त्या केल्या नाहीत, तर कोणतीही पातळी लावली तरी हाती फारसे लागणार नाही.

सर्वात आधी, तुम्ही जी पातळी लावली असे समजता ती कंपायलरपर्यंत खरोखर पोहोचते का, हे तपासा. सीमेक या बिल्ड करणाऱ्या साधनात बिल्ड टाइप रिकामा ठेवला, तर ऑप्टिमायझेशनचा कोणताही पर्याय पुढे जात नाही आणि जीसीसी आपल्या मूळ सवयीप्रमाणे ओ-० वर चालतो. रिलीज निवडल्यास सीमेक स्वतःहून ओ-३ लावतो, तर रेल-विथ-डेब-इन्फो निवडल्यास ओ-२ आणि डीबगची माहिती अशी जोडी मिळते. एकाच कमांडमध्ये दोन पातळ्या आल्या, तर शेवटची लागू होते. त्यामुळे जुन्या मेकफाइलच्या टोकाला कोणी लिहून ठेवलेला ओ-१ तुमचा ओ-३ निमूटपणे पुसून टाकतो. व्हर्बोस (प्रत्येक कमांड छापणारी) बिल्ड चालवून प्रत्यक्ष कमांड डोळ्यांखालून घाला. पातळीवरून रंगणाऱ्या निम्म्या चर्चा या एका पाहणीत मिटतात, असा माझा अनुभव आहे.

आता पातळ्यांकडे वळू. ओ-० मध्ये प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत, म्हणजे स्टॅकवर राहतो. लूपच्या प्रत्येक फेरीत मोजणीचा आकडा मेमरीतून आणायचा, त्यात एक मिळवायचा आणि परत मेमरीत ठेवायचा, असा व्यवहार चालतो. डीबगरमध्ये ओळीओळीने चालताना हे सोयीचे असते, पण वेगाची चर्चा करताना ओ-० ची गणना करूच नये. ओ-१ मध्ये व्हेरिएबल रजिस्टरमध्ये येतात आणि उघड वाया जाणारे काम काढून टाकले जाते. ओ-२ मध्ये कंपायलरची जवळपास सगळी भरवशाची हत्यारे बाहेर येतात: लहान फंक्शन जागच्या जागी उतरवणे, सूचनांचा क्रम प्रोसेसरला सोयीचा करणे, आणि वेगवेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत असे गृहीत धरून अनावश्यक वाचने टाळणे. ओ-३ याच्या पुढे जाऊन कोडचा आकार वाढला तरी चालेल असे मानतो. लूपच्या प्रती काढतो, आतल्या अटी लूपच्या बाहेर नेऊन दोन लूप करतो, ठरावीक आर्ग्युमेंटसाठी फंक्शनची वेगळी प्रत बनवतो. जीसीसीमध्ये तीनच्या वरचा आकडा लिहिला तरी तो तीनच मानला जातो. तेव्हा कुठेतरी ओ-६ लिहिलेले दिसले, तर ते लिहिणाऱ्याचा उत्साह तेवढा लक्षात घ्यावा.

आकार वाढल्याने तोटाही होतो. आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला सूचनांसाठी सर्वात जवळचा कॅशे ३२ किंवा ६४ किलोबाइटचाच असतो, आणि फुगलेला कोड त्यात मावेनासा झाला की लूप उलगडून मिळवलेला फायदा सूचना आणण्यातच खर्ची पडतो. लिनक्सचे कर्नल आजही ओ-२ वर बांधले जाते आणि डेबियन, फेडोरा यांची पॅकेजेस सर्वसाधारणपणे ओ-२ वरच असतात, यामागे हेही एक कारण आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी २०१३ मध्ये प्रोग्रामची मेमरीतली मांडणी पुन्हा पुन्हा बदलून एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरच्या पातळ्या मोजल्या, तेव्हा ओ-१ वरून ओ-२ वर जाण्याचा परिणाम स्पष्ट दिसला, पण ओ-२ वरून ओ-३ वर जाण्याचा परिणाम योगायोगाच्या चढउतारापासून वेगळा काढता आला नाही. कोणते फंक्शन मेमरीत कुठे बसले, एवढ्याने जर वेळ काही टक्क्यांनी हलत असेल, तर दोन-तीन टक्क्यांचा लाभ पाहून पातळी ठरवण्यात अर्थ नाही.

तुमच्या पहिल्या फंक्शनमध्ये ओ-३ चा उपयोग का झाला नाही, हे मात्र योगायोगावर सोडण्याची गरज नाही. ते कोडमध्येच दिसते. हे फंक्शन १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या करड्या चित्रावर फिरते आणि प्रत्येक पिक्सेल ठरावीक उंबरठ्यापेक्षा उजळ असल्यास निकालाच्या बफरमध्ये २५५, अन्यथा ० लिहिते. रुंदी आणि उंबरठा हे दोन्ही क्लासचे सदस्य आहेत आणि लूपमध्ये ते थेट त्याच नावाने वापरलेले आहेत. निकालाचा बफर अनसाइन्ड कॅर पॉइंटरने लिहिला जातो, आणि भाषेच्या नियमाप्रमाणे कॅर पॉइंटर कोणत्याही टाइपच्या वस्तूकडे बोट दाखवू शकतो. त्यामुळे कंपायलरच्या दृष्टीने प्रत्येक पिक्सेल लिहिताना खुद्द रुंदीचा आकडाच बदलला जाण्याची शक्यता उरते. बिचारा दर फेरीला रुंदी पुन्हा वाचतो, उंबरठा पुन्हा वाचतो, आणि लूप किती वेळा फिरणार हेच आधी कळत नसल्याने अनेक पिक्सेल एकत्र हाताळण्याचा विचार सोडून देतो. ओ-३ असो की आणखी काही, ही अडचण पातळीने सुटत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. लूप सुरू होण्याआधी रुंदी आणि उंबरठा स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लूपमध्ये तेच वापरा. स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता कोणालाच दिलेला नसल्यामुळे तो बाहेरच्या पॉइंटरने बदलू शकत नाही, हे कंपायलरला सिद्ध करता येते. इनपुट आणि निकालाचे बफर एकमेकांवर चढत नाहीत याची तुम्हाला खात्री असेल, तर दोन्ही पॉइंटरना जीसीसीचा रिस्ट्रिक्ट हा शब्दही लावा. यानंतर जीसीसीला ऑप्ट-इन्फोचा व्हेक-मिस्ड पर्याय देऊन पाहा. आधी ज्या ओळीसमोर फेऱ्यांची संख्या काढता येत नाही अशा अर्थाची तक्रार येत होती, ती गेलेली दिसेल.

आणि इथे, या एका जागी, ओ-३ ला खरा अर्थ येतो. जीसीसीच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, ओ-२ मध्येही व्हेक्टरायझेशन, म्हणजे एका सूचनेत अनेक किमती हाताळणे, चालू असते, पण अत्यंत काटकसरीच्या हिशोबाने: धावताना एखादी तपासणी करावी लागणार असेल, किंवा फेऱ्यांची संख्या आधी माहीत नसल्याने उरलेल्या पिक्सेलसाठी वेगळा लूप ठेवावा लागणार असेल, तर तुमची आवृत्ती ओ-२ वर तो लूप सोडून देते. ओ-३ वर हिशोब मोकळा होतो. कोणत्याही ६४-बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर १२८ बिटांची रजिस्टरे असतातच, म्हणजे एका सूचनेत १६ पिक्सेल तपासले जातात. एव्हीएक्स-२ हा दुप्पट रुंद सूचनासंच असल्यास ३२. क्लँग हा एलएलव्हीएमवर आधारलेला कंपायलर वापरणाऱ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण तो ओ-२ वरही मोकळ्या हाताने व्हेक्टरायझेशन करतो. एका कंपायलरवरचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू करू नये, तो यामुळेच.

दुसरे फंक्शन अधिक रंजक आहे, कारण ओ-फास्टने बाद झालेल्या स्ट्रिपचे मूळ बहुधा त्यात आहे. ते चित्राची सरासरी उजळता काढते, आणि त्यासाठी २०,७३,६०० पिक्सेलची बेरीज एका फ्लोट (३२-बिटी दशांश संख्येच्या) व्हेरिएबलमध्ये ओळीने करत जाते. फ्लोटमध्ये अचूकतेचे २४ बिट असतात. बेरीज १,६७,७७,२१६ च्या पुढे गेली की लगतचा प्रत्येक पूर्णांक त्यात मांडता येत नाही. आणि १३,४२,१७,७२८ च्या पुढे गेल्यावर तर शेजारच्या दोन संख्यांमध्ये १६ चे अंतर पडते. सरासरी उजळता १०० धरली, तर एकूण बेरीज २० कोटींच्या वर जाते, म्हणजे चित्राचा शेवटचा सुमारे एक तृतीयांश भाग याच पट्ट्यात मोडतो. तिथे १०० मिळवले, तरी प्रत्यक्षात जवळचा १६ चा गुणक, म्हणजे ९६ च मिळवले जातात. आठपेक्षा कमी उजळतेचा काळा पिक्सेल तर मोजलाच जात नाही.

ओ-० पासून ओ-३ पर्यंत ही बेरीज लिहिलेल्या क्रमानेच होते, कारण फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर बदलते आणि कंपायलरला तशी मुभा नाही. ओ-फास्ट ती मुभा देतो. मग चार वेगवेगळ्या बेरजा समांतर चालतात आणि शेवटी एकत्र केल्या जातात. प्रत्येक बेरीज पाच कोटींच्या आसपासच पोहोचत असल्याने त्यातली चूक बरीच कमी होते. थोडक्यात, ओ-फास्टचे उत्तर खऱ्या सरासरीच्या अधिक जवळ असण्याची शक्यता आहे, पण तुमचे स्वीकार-अस्वीकाराचे उंबरठे जुन्या, कमी आलेल्या सरासरीवर बेतलेले आहेत. म्हणून चांगल्या स्ट्रिप बाद झाल्या.

यावर ओ-फास्ट ठेवून उंबरठे बदलणे हा उपाय नव्हे. पिक्सेल मुळात पूर्णांक आहे, तेव्हा बेरीजही ३२-बिटी अनसाइन्ड पूर्णांकातच करा. सगळे पिक्सेल २५५ असले तरी एकूण ५२,८७,६८,००० होते, आणि अशा व्हेरिएबलची मर्यादा ४२९ कोटींच्या वर आहे. पूर्णांकांच्या बेरजेत क्रमाने उत्तर बदलत नाही, त्यामुळे कोणतीही सूट न देता कंपायलर ती समांतर करतो. उत्तर नेमके येते, वेगही मिळतो, आणि भागाकार तेवढा शेवटी डबलमध्ये करावा. त्यानंतर उंबरठे एकदा नीट पुन्हा ठरवून घ्या. औषधनिर्मितीत अशा बदलाची नोंद आणि पडताळणी करावी लागते, त्यामुळे गुणवत्ता विभागाला आधीच विश्वासात घ्यावे.

ओ-फास्टबद्दल माझे मत याहून कडक आहे. त्यात फास्ट-मॅथ येते, आणि फास्ट-मॅथ गृहीत धरते की नॅन (संख्याच नसलेली किंमत) आणि अनंत या किमती प्रोग्राममध्ये येतच नाहीत. परिणामी तुम्ही खबरदारी म्हणून लिहिलेली इझनॅनची, म्हणजे नॅन ओळखण्याची, तपासणी कंपायलर निरर्थक समजून काढून टाकू शकतो. जीसीसीच्या १३ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये तर या पर्यायाने जोडलेली एखादी शेअर्ड लायब्ररी लोड झाली, की अतिसूक्ष्म संख्या थेट शून्य धरण्याची प्रोसेसरची सेटिंग बदलली जायची आणि तिचा परिणाम ज्यांनी हा पर्याय मागितलाच नाही त्या कोडवरही व्हायचा. क्लँगने २०२४ मध्ये १९ व्या आवृत्तीत ओ-फास्ट हे नाव कालबाह्य ठरवले. खरोखरच फ्लोटची लांब बेरीज करायची असेल, तर ओपनएमपी या समांतर कामाच्या मानकातील सिम्ड रिडक्शनची एक ओळ त्या लूपवर लिहा आणि ओपनएमपी-सिम्ड हा पर्याय द्या. क्रम बदलण्याची परवानगी तेवढ्याच लूपपुरती मिळते आणि पुढे कोड वाचणाऱ्यालाही ती दिसते.

आता ज्येष्ठांचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण लक्षण खरे आहे. निदान तेवढे चुकले आहे. तुमच्या कोडमध्ये मुख्य थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा एक प्रवाह) एका साध्या बूल, म्हणजे खरे-खोटे, व्हेरिएबलवर रिकामा लूप फिरवत थांबतो, आणि कॅमेरा तयार झाला की दुसरा थ्रेड तो बूल खरा करतो. ओ-० वर तो दर फेरीला मेमरीतून वाचला जातो, म्हणून बदल दिसतो. ओ-२ वर कंपायलर पाहतो की या लूपमध्ये तो व्हेरिएबल कोणीच बदलत नाही; तो किंमत एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवतो आणि लूप अनंत होतो. कॅमेरा आधीच तयार असेल तर सगळे सुरळीत चालते, म्हणूनच हे अडकणे कधीकधीच दिसते. दोन थ्रेड सामायिक करत असलेली साधी किंमत कुलुपाशिवाय बदलणे भाषेच्या नियमांत बसतच नाही, त्यामुळे कंपायलरला दोष देता येत नाही. तो बूल अ‍ॅटॉमिक करा, किंवा त्याहून बरे म्हणजे कंडिशन व्हेरिएबल वापरा, म्हणजे वाट पाहताना एक कोअरही वाया जाणार नाही. व्होलाटाइल लावल्याने लक्षण दबेल, पण थ्रेडमधला क्रम तो राखत नाही.

वरच्या पातळीवरच दिसणाऱ्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी हेच असते: सुरुवातीची किंमत न दिलेला व्हेरिएबल, साइन्ड पूर्णांकाचा ओव्हरफ्लो, अ‍ॅरेच्या बाहेरचे लेखन. पातळी वाढवण्याआधी अनडिफाइन्ड आणि अ‍ॅड्रेस हे दोन सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारी साधने), आणि वेगळ्या बिल्डमध्ये थ्रेड सॅनिटायझर लावून चाचण्या चालवाव्यात. वर सांगितलेला बूल थ्रेड सॅनिटायझर दाखवून देईल. जाणत्यांच्या कोडमध्येही असे घडते. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या टीयूएन (आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो शून्य आहे का हे नंतर तपासले होते. वापरला म्हणजे शून्य नसणारच, असे मानून जीसीसीने ती तपासणी काढून टाकली आणि सुरक्षेचे भगदाड पडले. त्यानंतर कर्नल अशा तपासण्या न काढण्याचा पर्याय देऊनच बांधले जाऊ लागले.

मार्च-नेटिव्हबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ओ-३ नंतर सगळे तिकडेच वळतात, म्हणून सांगतो. हा पर्याय ज्या मशीनवर कंपाइल करता त्याच मशीनचा प्रोसेसर गृहीत धरतो. कार्यालयातल्या नव्या लॅपटॉपवर बांधलेली फाइल कारखान्याच्या पॅनेलमधल्या औद्योगिक संगणकावर सुरू होताच इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून कोसळू शकते, कारण अशा संगणकांत अनेकदा अ‍ॅटम किंवा सेलेरॉन असतो, आणि इंटेलच्या या मालिकांमधल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये २०१३ नंतरही एव्हीएक्स नव्हते. यंत्रावर सीपीयू-इन्फो (प्रोसेसरची माहिती) पाहा आणि त्याप्रमाणे एक्स८६-६४ ची व्ही-२ किंवा एव्हीएक्स-२ असल्यास व्ही-३ ही सूचनासंचाची पातळी नाव घेऊन लिहा. ग्राहकांकडे वेगवेगळी यंत्रे असतील, तर जीसीसीच्या टार्गेट-क्लोन्सने त्या दोन फंक्शनच्या प्रती बनवता येतात आणि योग्य प्रत सुरू होतानाच निवडली जाते. मात्र एखाद्या संपूर्ण फाइललाच एव्हीएक्स-२ लावण्याआधी दोनदा विचार करा: त्या फाइलमध्ये हेडरमधून आलेले इनलाइन फंक्शनही एव्हीएक्स-२ मध्ये कंपाइल होते, आणि लिंकर (सगळे तुकडे जोडणारे साधन) अनेक प्रतींमधून नेमकी तीच निवडू शकतो. मग जुन्या यंत्रावर भलत्याच ठिकाणी प्रोग्राम कोसळतो. व्ही-३ मध्ये गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचनाही येते आणि जीसीसी ती स्वतःहून वापरतो, म्हणून फ्लोटचे शेवटचे अंक फास्ट-मॅथ नसतानाही बदलू शकतात. उंबरठ्यांची पडताळणी यानंतरच करा.

मोजमाप लॅपटॉपवर करू नका, यंत्रावर करा. तुमची तक्रार मर्यादा अधूनमधून ओलांडण्याची आहे, त्यामुळे सरासरी वेळ निरुपयोगी आहे. प्रत्येक चित्राचा वेळ नोंदवून ९९ वे शतमान आणि कमाल किंमत पाहा. प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, प्रोग्राम एका कोअरला बांधा, आणि जुनी व नवी बिल्ड आळीपाळीने चालवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पंखा नसलेल्या बंद पॅनेलमधला प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच उतरवतो, आणि सकाळी ओ-२ व दुपारी ओ-३ मोजल्यास ओ-३ नाहक बदनाम होतो. कमाल किंमत सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर दोष बहुधा कंपायलरच्या पातळीत नाहीच. चित्रागणिक नवी मेमरी मागणे, किंवा बाद स्ट्रिपचे चित्र त्याच थ्रेडमधून डिस्कवर लिहिणे, अशा जागा पर्फ या लिनक्सच्या मोजणी साधनाने शोधा.

हे सगळे झाल्यावरही वेळ कमी पडला, तर ओ-३ सगळीकडे पसरवण्याऐवजी प्रोफाइलवर आधारित ऑप्टिमायझेशन करा. प्रोफाइल-जनरेटने बांधलेला प्रोग्राम चालवायचा, त्यातून अटींच्या कोणत्या शाखा किती वेळा घेतल्या याची नोंद मिळते, आणि प्रोफाइल-यूजने पुन्हा बांधताना कंपायलर त्यानुसार मांडणी करतो. पिक्सेलच्या लूपला याचा फारसा लाभ नाही. गोळ्यांच्या कडा जोडणे, आकार ओळखणे, नियम तपासणे अशा शाखांनी भरलेल्या कोडला असतो, आणि पायथन भाषेच्या सीपायथॉनसारखा इंटरप्रिटर याच कारणासाठी या पद्धतीने बांधता येतो. नोंद घेताना चालवलेली चित्रे मात्र खऱ्या उत्पादनाच्या प्रमाणातली असावीत. केवळ सदोष स्ट्रिपचा संच वापरला, तर कंपायलर नाकारण्याचा मार्ग वेगवान करेल आणि रोजचा मार्ग कडेला टाकेल. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळ्या फाइली जोडताना एकत्रित सुधारणा, सोबत लावायला हरकत नाही, फक्त लिंकला लागणारा वेळ वाढेल.

कोडचा आकार लहान ठेवणारा ओ-एस तुमच्या कामाचा नाही. तो कमी मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी ठेवा. डीबग करताना ओ-० फार हळू वाटला तर डीबगसाठीचाच ओ-जी वापरा. आणि कारखान्यात पाठवायच्या ओ-२ बिल्डमध्येही डीबगची माहिती ठेवा. तिने फाइल मोठी होते, चालण्याचा वेग कमी होत नाही, आणि यंत्र कोसळल्यावर कोअर फाइलमधून नेमकी ओळ सापडते.